चार इंच वर

२ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही. साताऱ्याच्या ग्रुपबरोबर पहिल्यांदाच डोंगरात गाडी घातली. फोर बाय फोर पिकअप घेऊन दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत तिनं द्राक्षबाग, औषध दुकान आणि बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर, यापलीकडं काही बघितलं नव्हतं. ओढ्यात मधोमध एक धोंडा होता. पुढच्या गाड्या त्यावरून गेल्या म्हणून मीही घातली. त्यांच्या गाड्या उंच केलेल्या, माझी कंपनीतनं आली तशी. पोटावर बसली. चारही चाकं फिरतायत, पाणी उडतंय आणि गाडी जागची हलत नाही.

शेवटी ऊस वाहणारा ट्रॅक्टर बोलावून मागनं ओढून काढली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सायेब, ही गाडी रस्त्यावर लय चांगली दिसंल." सगळे हसले. मीही हसलो. हसताना कान तापले होते.

घरी पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. खाली कुणीतरी लिहिलंय, 'कवठे महांकाळची म्हैस डुंबताना'. माझ्या बायकोनं, रूपालीनं, तोंडाला पदर लावून तो आईला दाखवला. आईनं दोनदा बघितला आणि विचारलं, "कुनाला लागलं न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर, "मग झालं तर," म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली. तिचं तिथं संपलं. माझं संपलेलं नाही. गाडी उंच करायची.

५ नोव्हेंबर, बुधवार

बागेत डावणी रोगाची फवारणी चालू आहे. गडी फवारतात आणि मी बांधावर बसून मोबाईलवर गाड्यांची पोटं बघतो. एवढं लक्ष देऊन बारावीला अभ्यास केला असता तर बाबांनी पेढे वाटले असते.

आता मला इतकं कळलंय. उंच करायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे आहे त्याच पुढच्या स्प्रिंगांवर आणि मागच्या लोखंडी पाट्यांवर ठोकळे बसवायचे. स्वस्तात गाडी वर येते, पण चाल बिघडते. दुसरी म्हणजे पुढचे स्प्रिंग, मागचे पाटे, चारही शॉकअप, सगळं नवीन घालायचं. त्यातही दोन इंच की चार इंच हा प्रश्न. दोन इंचात काम भागतं असं समजूतदार लोक म्हणतात. चार इंचाला पुढच्या जोडण्या खाली घ्याव्या लागतात, ब्रेकच्या नळ्या लांबवाव्या लागतात, टायर मोठे घालावे लागतात. फोटोत मात्र चार इंचवालीच दिसते. दोन इंचवाली बघितली तर उंच केलीय हे शेजाऱ्याला सांगावं लागेल.

मानसिंगला फोन केला. तो ग्रुपचा म्होरक्या. मिलिटरीच्या गाड्यांच्या दुरुस्तीखात्यातनं निवृत्त झालाय, साताऱ्यात गॅरेज आहे. म्हणाला, "ये शनिवारी. बघू तुझी म्हैस."

८ नोव्हेंबर, शनिवार

साताऱ्यात मुक्काम. गाडी मानसिंगच्या गॅरेजात वर टांगली आहे.

सकाळी गेलो तेव्हा ग्रुपमधले चारपाच जण चहा घेत बसले होते. मानसिंगनं गाडीखाली वाकून बघितलं आणि उठून हात पुसत विचारलं, "गाडीत बसतं कोन कोन? घरची मानसं, म्हातारी-कोतारी?"

मी म्हणालो, "मी एकटाच. शेताची गाडी हाय."

हे खोटं आहे. दर अष्टमीला आणि चौदसला आई माझ्याशेजारी बसून मंदिरात येते, मांडीवर पूजेचं ताट घेऊन. कुठं मुनिमहाराज आले की त्यांच्या चौक्याची, म्हणजे शुद्ध स्वयंपाकाची, भांडी, पाट, शेगडी सगळं याच गाडीतनं जातं. पण त्या चहा पिणाऱ्यांसमोर ते तोंडातनं निघेना. आधीच म्हैस झालीय, त्यात पूजेचं ताट कुठं सांगू?

"मग चार घे की," मानसिंग म्हणाला. "आन् ही दाराखालची पायरी काढतो. दगडाला घासती."

मी म्हणालो, काढ.

९ नोव्हेंबर, रविवार

झालं! जुने पाटे काढताना यू-बोल्ट गंजून बसले होते, ते कापावे लागले. नवे पाटे बसले, नवे स्प्रिंग, शॉकअप, ब्रेकच्या नळ्या. टायर घातल्यावर गाडी खाली उतरवली आणि मी नुसता बघत उभा राहिलो. लग्नात घोड्यावर बसलो होतो तेव्हासुद्धा एवढा उंच वाटलो नव्हतो. चाकांचं अलाइनमेंट करून कराड, विटा करत घरी आलो. सगळ्या गाड्यांची टपं दिसत होती.

आई ओवाळायला बाहेर आली. बॉनेटवर स्वस्तिक काढायला हात पुरेना, म्हणून तिनं खाली बंपरवर काढलं. मग मागं सरून वर बघत म्हणाली, "लय उंच केलीस रं."

आईच्या तोंडून कौतुक निघायला चार इंच लागले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज अष्टमी. आईला घेऊन मंदिरात गेलो. चढताना तिनं नेहमीसारखा पाय उचलला, तर खाली पायरी नाही. आधी ताट आत ठेवलं, मग दाराची कड धरली, पण काही जमेना. घरासमोर कुणी नव्हतं, मी मागनं उचलून बसवलं. परत येताना मात्र मंदिरासमोर पानपट्टीवर सगळी मंडळी बसलेली. आईचा एक पाय वर, एक खाली, लुगडं पोटरीपर्यंत गेलेलं आणि मी पोतं चढवावं तसा ढकलतोय. कुणीतरी म्हणालं, "पारसशेठ, क्रेन बोलवू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर आईला म्हणालो, "जरा पाय उचलायचा की गं." ती म्हणाली, "व्हय रं, उचलाय पायजे हुता." आणि घरापर्यंत ताटातल्या अक्षता गोळा करत राहिली.

जरा चिडूनच बोललो मी. पण तिनंही थोडा जोर लावायला हवा होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्याच ओढ्यातल्या त्याच धोंड्यावरून गेलो. खाली घासलंसुद्धा नाही. मानसिंगनं स्वतः व्हिडिओ काढला. 'म्हैस गेली, हत्ती आला' असं लिहून टाकलंय. दुपारी ढाब्यावर सगळ्यांना मीच जेवण दिलं. काय काय खाल्लं ते इथंसुद्धा लिहीत नाही, आईला वाचता येतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काल चौदस. आई मंदिरात रूपालीच्या मागं स्कूटीवर बसून गेली. स्कूटीला ती इतकी वर्षं घाबरायची, 'त्या टोळावर मी बसनार न्हाई' म्हणायची. मी म्हणालो, "गाडी काढतो की." तर म्हणाली, "नगं, तुला बागंत काम आसतंय. आन् वाऱ्याला बरं वाटतं."

या वयात आईला वाऱ्याची हौस आली. रूपाली माझ्याकडं बघत होती. तिला म्हणालो, काय झालं? म्हणाली, "काय न्हाई."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात आनंदीआनंद आहे. महाराज येतायत.

महाराज म्हणजे माझे जवाहरमामा, आईचा थोरला भाऊ. मी शाळेत असताना त्यांनी मुनिदीक्षा घेतली. ते पलीकडं उत्तरेत विहार करत राहिले, इकडं फिरकले नाहीत. आई दोनदा दर्शनाला जाऊन आली, पण तिच्या हातनं त्यांचा आहार कधी झाला नाही. आता संघ कर्नाटकाकडं चालत निघालाय, वाटेत तीस तारखेला आमच्या गावात एक मुक्काम. सकाळी आहार, दुपारी पुढं. आता वय झालंय, पाय सुजतात. परत या वाटेनं येणं होणार नाही, असं संघातल्या लोकांनी सांगितलं.

आईनं बातमी ऐकली आणि उठून विहिरीवर गेली. मी मागं गेलो तर कठड्याला हात लावून उभी. ही विहीर खणताना मामा महिनाभर इथं राहून सुरुंगाच्या कामावर उभे होते. म्हणाली, "पानी ह्याच हिरीचं द्यायचं. माझ्या हातानं." मग म्हणाली, "एक ओंजळ घेटली तरी बास."

तिला असं काही मागताना मी कधी बघितलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चौका गावात लावायचा, मंदिराजवळ राहणाऱ्या राजेश्वरी काकूंच्या शेजारच्या रिकाम्या खोलीत. आमचा मळा गावापासून तीनेक किलोमीटर. पहाटे रूपाली स्कूटीवरून पुढं जाऊन स्वयंपाकाला लागणार. आई मागनं इथं आंघोळ करून, शुद्ध कपडे नेसून, विहिरीचं पाणी स्वतः शेंदून, गाळून, चुलीवर तापवून कळशी घेऊन येणार. महाराज दिवसातनं एकदाच घेतात, अन्न आणि पाणी, उभ्यानं, ओंजळीत. कुणाच्या दारात थांबायचं ते त्यांचं त्यांच्या मनाशी ठरलेलं असतं. बोलवता येत नाही. आपण दारात उभं राहून नमोस्तु म्हणायचं.

शुद्ध कपडे नेसले की आईला कुणी शिवायचं नाही. शिवलं की परत आंघोळ, परत सगळं. लहानपणी मी एकदा चौक्याच्या दिवशी पळत जाऊन तिला मिठी मारली होती, तेव्हा तिनं मारलं नव्हतं पण रडली होती. मला स्वतःला तसल्या कपड्यांत उभं राहता येत नाही. त्याला नियम घ्यावे लागतात, बाहेरचं खाणं सोडावं लागतं. माझा चौक्याशी संबंध ड्रायव्हरपुरता.

आणखी एक गोष्ट. आईनं व्यायाम सुरू केलाय! आज दुपारी बागेतनं आलो तर मागच्या पडवीत भिंतीला धरून एक पाय ओट्यावर टाकायची, वर चढायची, परत उतरायची. घामाघूम झाली होती. मला बघून पदर सावरून म्हणाली, "गुडघं आखडल्यात." चांगलं आहे. मी कधीपासून सांगतोय तिला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गाडी आतनं बाहेरनं धुतली. विहिरीच्याच पाण्यानं धुवायची असं आईनं बजावलं होतं. सीटवर अंथरायला नवी धुतलेली चादर. टायरसुद्धा चकचकीत. उद्या सगळं गाव मंदिरासमोर असणार.

संध्याकाळी आई म्हणाली, "पारस, मी म्हनत हुते, राजेश्वरीच्या पोराची रिक्षा सांगू का उद्याला?"

मला रागच आला. म्हणालो, "दारात एवढी गाडी असताना मामाच्या आहाराला रिक्षातनं जायचं? लोक काय म्हणतील?"

"तसं न्हवं रं," ती म्हणाली. "चढाय..."

"मी हाय की हात द्यायला," मी म्हणालो. आणि एवढा व्यायाम केलायस तो कशाला, असं म्हणून हसलो. ती पण हसली. रिक्षाचं परत बोलली नाही. रूपालीनं आतनं भांडं आपटलं. उद्याच्या कामाचा तिला ताण आलाय.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

सकाळी रूपाली पुढं गेली. आईनं आंघोळ केली, पांढरं धुतलेलं लुगडं नेसली. पाणी शेंदलं, दुहेरी फडक्यातनं गाळलं, फडक्यातलं उरलेलं अलगद परत विहिरीत सोडलं. चुलीवर पाणी तापवून तांब्याच्या कळशीत भरलं आणि गाडीजवळ आली. मी दार उघडून उभा. तिनं कळशी सीटवर ठेवायला उचलली. सीट तिच्या छातीच्या वर. कशीबशी ठेवली. मग पाय उचलला. पडवीतला ओटा उंबऱ्याहून थोडा उंच, ही गाडी त्याच्या दुप्पट. गुडघा कडेपर्यंत जाईना. तिनं दाराची कड धरली, परत पाय उचलला. मी हात पुढं केला आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की आज मी हात द्यायचाच नाही. रात्री तिच्यासमोर एवढं छातीठोक बोललो होतो.

द्राक्षाचा क्रेट आणला. तिनं मान हलवली, औषधाचे हात लागलेले. मग एक दगड लोटत आणला, त्यावर पाणी ओतलं. आई त्यावर चढली, एका हातानं सीटवरची कळशी धरली, एक पाय आत गेला आणि दगड सरकला. ती मागं यायला लागली.

मी धरली. दोन्ही दंडांना धरून, अंगाशी. कळशी सीटवरून माझ्या अंगावर, तिच्या अंगावर, खाली.

ती पडली नाही. पण शिवली गेली. आम्ही दोघं तसंच उभे होतो. ती म्हणाली, "सोड आता." मी सोडलं.

ती वळली. परत न्हाणीत गेली. दोरीवरचं दुसरं लुगडं अजून ओलं होतं, ते नेसली. परत पाणी शेंदलं, गाळलं, परत चूल. मी रूपालीला फोन लावत होतो, पण चौक्यात फोन कोण उचलणार? राजेश्वरी काकूंनीही आपल्या घरी चौका लावलेला, तिथंही तेच. रिक्षावाला पोरगा मंदिरात मांडव बांधायला, त्याचाही उचलला गेला नाही. म्हणालो, "आई, मी जाऊन कुणाची तरी गाडी आणतो." ती पाण्याकडं बघत म्हणाली, "आनशील, धुशील, तवर येळ हुईल. मी चालत जाते."

आणि निघाली. ओलं लुगडं, कमरेवर कळशी, पाय अनवाणी. मी काय करावं? तिच्या बरोबरीनं चाललो असतो तरी कळशीला हात लावता आला नसता. वाटेत पडली तर असावी म्हणून गाडी काढली आणि तिच्या मागनं पहिल्या गिअरमध्ये चालवत राहिलो. ही गाडी इतकी हळू चालवायची नसते, गचके देते. बांधावरचे लोक उभे राहून बघत होते. पुढं म्हातारी आई पाणी घेऊन चाललीय आणि मागं तिचा पोरगा हत्तीवर. मला वाटत होतं गाडी ओढ्यात घालावी आणि वर येऊ नये. ओढा आला, पण कोरडा होता.

तिनं एकदाही मागं बघितलं नाही. कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेताना तेवढी थांबायची.

मंदिराजवळ पोचलो तेव्हा राजेश्वरी काकूंच्या घरातनं जयजयकार ऐकू आला. आहार निर्विघ्न झाला की करतात तो. आईला कळलं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. थोड्या वेळानं महाराज बाहेर आले, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, मागं लोक. मामा ओळखू आले नाहीत मला. वाळून गेलेत. आईनं कळशी खाली ठेवली, गुडघे टेकले, नमोस्तु केलं. त्यांनी जाताजाता हात वर केला. पाय थांबले नाहीत. ते मंदिरात गेले.

रूपाली धावत आली. शुद्ध कपड्यांतच होती, तिला शिवायची मुभा. आईला धरून रडायला लागली. म्हणाली, "महाराज पहिल्यांदा आपल्याच दारासमोर आलं हुतं. थांबलं. माझ्याकडं बघितलं, आत बघितलं. मी एकटीच. मग फुडं गेलं. परत एक फेरा मारून आलं, परत थांबलं."

मनाशी ठरवलेला विधी जुळला नसेल, असं मी म्हणालो.

आईनं विचारलं, "किती येळ थांबलं?"

"लय येळ," रूपाली म्हणाली.

"दोनी बारीला?"

"दोनी बारीला."

आईनं मान हलवली. तेवढ्यात राजेश्वरी काकू आल्या आणि, "चंदनबाला, आगं असल्या दिवशी कुठं ऱ्हायलीस?" म्हणाल्या. आई म्हणाली, "मलाच उठाय उशीर झाला बघ." काकूंनी माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. आई परत म्हणाली, "मलाच झाला."

मी बोलायला हवं होतं. सगळे उभे होते, दोन शब्दांचं काम होतं. नाही बोललो.

लोक पांगले. आईनं कळशी उचलली आणि माझ्याकडं आली. महाराज दुपारी जाणार, उद्यापर्यंत काही घेणार नाहीत. म्हणाली, "ऊन किती झालंय. तहान लागली आसंल तुला."

मी गाडीत बसून आलो होतो आणि ती चालत.

"ओंजळ कर," ती म्हणाली.

मी ओंजळ केली. तिनं जपून, धार न मोडता, थेंब खाली न सांडता ओतलं. पाणी अजून कोमट होतं. मी प्यालो. तिनं परत कळशी वाकवली. पुरे म्हणायला तोंड उघडत नव्हतं. कळशी रिकामी होईपर्यंत मी तसाच वाकून पीत राहिलो, कारण ती संपली की मला वर तिच्याकडं बघावं लागणार होतं.